कुलाब्याला आगगाडी येत होती तेव्हा...



शाळेत इतिहास शिकवताना एक ओळ मी तीसेक वर्षे फळ्यावर लिहिली. "१६ एप्रिल १८५३ - बोरीबंदर ते ठाणे - भारतातील पहिली प्रवासी आगगाडी." मुले ती पाठ करत, परीक्षेत एक गुण मिळे, आणि आम्ही पुढच्या धड्याकडे वळत असू. १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, २१ तोफांची सलामी, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांची वेळ... हे सगळे मुलांना फार आवडायचे. पण "बाई, गाडीच्या स्टेशनाला 'बंदर' का म्हणायचं?" असे मात्र कोणी विचारले नाही. पुस्तकातही त्याचे उत्तर नव्हते.

खरे तर सगळा इतिहास त्या एका शब्दात आहे. आपली रेल्वे गावातून निघून गावाला गेली नाही. ती बंदरातून निघाली, आणि तिचे तोंड कायम बंदराकडेच राहिले.

आता निवांत वेळ आहे, मुलाने कॉम्प्युटर आणून दिला आहे, म्हणून राहिलेला धडा इथे शिकवते. नातेवाईक मंडळींनी "बाईंचा तास सुरू झाला" म्हणून पळून जाऊ नये. हा धडा आपल्याच घराच्या अंगणातला आहे!

गाडी कोणासाठी?

१८४६ साली अमेरिकेत कापसाचे पीक बुडाले आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची झोप उडाली. एकाच देशाच्या कापसावर किती दिवस विसंबून राहायचे? त्यांची नजर आपल्या वऱ्हाड-खानदेशावर गेली. तिथे कापूस होता, पण तो मुंबईला यायचा बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून, घाट उतरून, कित्येक आठवड्यांनी. वाटेत धूळ, पाऊस, चिखल. बंदरावर पोहोचेपर्यंत पांढऱ्या कापसाचा रंग ओळखू येत नसे. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्येच झाला होता, पण त्याने भागेना. म्हणून रेल्वे.

आपल्याकडच्या धनिकांनाही ती हवी होती. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांची नावे रेल्वेच्या पहिल्या खटपटीत आहेत. पण पैसा आला लंडनहून, आणि तो आला एका अटीवर. १८४९ च्या करारात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीला पाच टक्के परताव्याची हमी मिळाली. म्हणजे गाडी तोट्यात चालली तरी लंडनच्या भागधारकाला पाच टक्के मिळणारच, आणि कमी पडतील ते इथल्या महसुलातून भरायचे. शेतकऱ्याने कधी गाडीचे तोंड पाहिलेले नसले तरी त्याच्या शेतसाऱ्यातून तिचा खर्च चालला होता!

ही गोष्ट आपल्यापुरतीच आहे असे मला वाटत असे. मग एकदा दक्षिण अमेरिकेचा इतिहास वाचनात आला आणि थक्क झाले. अर्जेंटिना हा काही इंग्रजांच्या राज्यातला देश नव्हे. तिथे पहिली आगगाडी १८५७ साली धावली, आपल्यानंतर चारच वर्षांनी. पुढे ब्रिटिश कंपन्यांनी तिथे हजारो मैल रूळ टाकले. नकाशा उघडून पाहा, सगळे रूळ पंख्याच्या काड्यांसारखे ब्युनॉस आयर्सच्या बंदरात येऊन मिळतात. आतल्या दोन गावांना जोडणारी वाट कमी, पण गहू आणि मांस जहाजावर चढवणारी वाट मात्र पक्की.

ब्राझीलचे तर आणखी गमतीदार. सँतोस बंदर खाली समुद्रकाठी आणि कॉफीचा मुलूख वर पठारावर, मध्ये सुमारे आठशे मीटरचा कडा. अगदी आपल्या कर्जत-खंडाळ्यासारखे! इंग्रज कंपनीने तिथे दोरखंडांनी डबे ओढून घेणारी रेल्वे १८६७ मध्ये सुरू केली. हमी किती, तर सात टक्के. राजा वेगळा, भाषा वेगळी, पीक वेगळे, पण हिशेबाची वही तीच.

आपला बोरघाट त्याआधी चार वर्षे, म्हणजे १८६३ मध्ये पुरा झाला. पंचवीस बोगदे, सुमारे अठराशे फुटांची चढण, आणि एका वेळी कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर. पटकीच्या साथींत हजारोंनी माणसे मेली. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली घाट सुरू झालेला पाहायला उरले नाहीत, १८६२ मध्येच वारले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये मुंबईला आला आणि लगेच आजारी पडून मरण पावला. त्याचे कंत्राट त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेल बाईंनी पुढे चालवले. या बाईंचे नाव पाठ्यपुस्तकात का नव्हते, हा प्रश्न मला निवृत्त झाल्यावर पडला. मजुरांची नावे तर कुठेच नाहीत.

पेटलेली अमेरिका, पैशात न्हालेली मुंबई

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, कापूस बाहेर पडेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. असे सांगतात की त्या काळात मुंबईत लोक गाद्या-उशा फोडून कापूस विकत होते. हे खरे-खोटे कसेही असो, पण चार-पाच वर्षांत कोट्यवधी रुपये या बेटावर येऊन पडले, हे खरे.

एवढ्या पैशाचे करायचे काय? एक उत्तर होते समुद्र बुजवायचा! प्रेमचंद रायचंद हे त्या काळातले शेअरबाजाराचे बादशहा. बॅकबे रेक्लमेशन कंपनी निघाली. तिचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती, पण तिचे मालक रोज बदलत होते.

आणि पाण्यात कोण होते? आम्ही होतो. त्या वेळचा आमचा खापरपणजा तिथे जाळे टाकत असणार. त्याला कोणी शेअर देऊ केला असेल असे मला वाटत नाही!

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध संपले. कापसाचे भाव धाडकन कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या हिशेबाचा दिवस, त्या दिवशी निम्मी मुंबई दिवाळखोर झाली. पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. प्रेमचंदांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर तेवढा त्या दिवसांची खूण म्हणून आजही उभा आहे. तो १८७८ मध्ये पुरा झाला.

पण धक्का मुंबईत थांबला नाही. तेजीच्या दिवसांत सावकाराने शेतकऱ्याला सढळ हाताने कर्ज दिले होते. भाव पडल्यावर कर्ज तसेच राहिले, वर सरकारने सारा वाढवला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे काढून जाळले. नगर जिल्ह्यापर्यंत ते लोण गेले. हेच ते 'दख्खनचे दंगे'. पुस्तकात हा वेगळा धडा होता, रेल्वेचा वेगळा आणि अमेरिकेतल्या युद्धाचा तर तिसऱ्याच इयत्तेत. मुलांना कसे कळणार, की हा एकच धागा आहे? अमेरिकेतल्या शेतात बंदूक वाजते आणि सुप्यात वाडा पेटतो. मध्ये आहे मुंबईचे बंदर.

आमच्या दारातले स्टेशन

आता येऊ या घराजवळ. आमच्या मच्छीमार नगराला लागून बधवार पार्क आहे, रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत. येणारे पाहुणे विचारतात, "इथे तर रेल्वे नाही, मग रेल्वेचे साहेब कसे?" त्याचे उत्तर असे की इथे रेल्वे होती. चांगली मोठी होती. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे कुलाबा टर्मिनस याच जागेवर होते!

कुलाबा मुळात वेगळे बेट. १८३८ मध्ये कॉजवे बांधून ते मुंबईला जोडले. मग किल्ल्यातला कापसाचा बाजार इकडे आला आणि कुलाब्याला कापसाच्या गाठींचे डोंगर उभे राहिले. गुजरातचा कापूस आणणारी ही रेल्वे १८६४ मध्ये मुंबईत पोहोचली आणि १८७३ मध्ये थेट कुलाब्याला. पुढच्याच वर्षी कुलाबा ते पायधुणी घोड्यांची ट्राम सुरू झाली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला होता, त्यामुळे विलायत जवळ आली होती. १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८७५ मध्ये ससून कंपनीने समुद्रात भर घालून ससून डॉक बांधला, तोही कापसाच्या गाठी जहाजावर चढवायला. ज्या ससून डॉकवर आज पहाटे म्हावऱ्याचा लिलाव चालतो, तो मुळात आमच्यासाठी बांधलेला नव्हता. कापूस गेला, मासळी राहिली. माझी आजी तिथून टोपली भरून निघायची. तिला ससून कोण ते ठाऊक नव्हते, पण कुठल्या धक्क्याला कुठली होडी लागते ते अंधारातही ठाऊक होते.

५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल धावू लागली. त्याच वर्षी १ सप्टेंबरला पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल पहिल्यांदा सुटली, तीही कुलाब्याहून. विचार करा मंडळी, आमच्या दारातून गाडीत बसायचे आणि खैबर खिंडीच्या तोंडाशी उतरायचे!

आणि मग दोनच वर्षांत, १९३० च्या अखेरीस, कुलाबा स्टेशन कायमचे बंद झाले. लांबच्या गाड्या नव्या बॉम्बे सेंट्रलला गेल्या आणि लोकल चर्चगेटला थांबू लागली. कापसाचा बाजार त्याआधीच शिवडीला गेला होता. आजचे कॉटन ग्रीन स्टेशन त्याचीच आठवण. पण मुख्य कारण जमीन हे होते. रूळ समुद्राच्या काठाने जात होते आणि सरकारला तो काठच पुढे सरकवायचा होता.

समुद्र मागे, जमीन पुढे

बॅकबेचे भूत १८६५ मध्ये गाडले गेले नव्हते. कफ परेड हे नावही भर घातलेल्या जमिनीचेच. प्लेगनंतर १८९८ मध्ये झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टमधल्या कफ साहेबांचे ते नाव. मग १९२० च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी मोठी योजना काढली. गाळ उपसून टाकायचा आणि भिंतीमागे जमीन करायची. पण टाकलेला गाळ भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रात वाहून जाऊ लागला, खर्च मात्र वाढत गेला. लोक तिला 'लॉइडचा वेडेपणा' म्हणू लागले. बॅरिस्टर के. एफ. नरिमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला, त्यासाठी बदनामीचा खटला अंगावर घेतला आणि ते निर्दोष सुटले. गंमत पाहा, भरावाविरुद्ध लढलेल्या माणसाचे नाव शेवटी भरावालाच मिळाले, नरिमन पॉइंट!

उरलेला भराव स्वातंत्र्यानंतर, १९६०-७० च्या दशकांत पडला. तो मी स्वतः पाहिला आहे. दगडमातीचे ट्रक दिवसभर यायचे. आज तिथे टोलेजंग इमारती आहेत, वर्ल्ड ट्रेड सेंटर आहे. माझे वडील म्हणायचे, "हितं आपली होडी तरंगायची." त्यांच्या बोलण्यात राग नसायचा, नुसती माहिती असायची. पण ती माहिती कुठल्याही सरकारी कागदावर नव्हती. डोल लावायच्या जागा बापाकडून मुलाकडे येतात, कुठल्या तांडेलाची कुठली जागा हे साऱ्या कोळीवाड्याला ठाऊक असते, पण त्याचा सात-बारा नसतो. शेतकऱ्याची जमीन घेतली तर कागद फाडावा लागतो. आमचे पाणी घेताना फाडायला कागदच नव्हता.

मुंबई बंदराचे पुढे काय झाले ते आपण जाणतोच. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज फुटले. त्यात स्फोटके होती आणि कापसाच्या गाठीही! शेकडो माणसे गेली. पुढे कंटेनरचे युग आले आणि १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. मुंबईच्या गोदीतली माणसे कमी होत गेली. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया हे डॉक तर बुजवूनच टाकले. आधी समुद्र बुजवून गोदी केली, मग गोदी बुजवून आवार!

आणि आमचे नगर अवघ्या जगाला ठाऊक झाले ते २६ नोव्हेंबर २००८ ला. ते दहा जण रबरी होडीतून याच किनाऱ्यावर उतरले, ज्याच्या मागे कधीकाळी कुलाबा स्टेशन होते. त्यांना पहिल्यांदा हटकले ते इथल्याच कोळी माणसांनी. त्या रात्रीच्या हल्ल्यात १६६ माणसे गेली. त्यानंतर मच्छीमारांना ओळखपत्रे आली, होड्यांच्या नोंदी कडक झाल्या. तेव्हा आमच्या एका शेजाऱ्याने म्हटलेले वाक्य मी विसरले नाही. "बाई, एवढ्या वर्षांत आमची नोंद झाली, ती संशयापायी!"

नोंद आधी की नंतर?

ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत आली. ९५ वर्षांनी आमच्या भागात पुन्हा आगगाडी... म्हणजे आग नसलेली गाडी! मी हौसेने आरेपर्यंत जाऊन आले. गारेगार, स्वच्छ, छान वाटले. मी काही "जुने ते सोने" म्हणत बसणाऱ्यांतली नाही. याच शहराने मला मराठी शाळेतून बी. ए. पर्यंत नेले, नोकरी दिली, निवृत्तिवेतन दिले. बंदर नसते तर हे शहर नसते, हे मला कळते.

पण काही गोष्टी परत परत घडताना पाहिल्या की शिक्षकाला राहवत नाही. न्हावा-शेव्याच्या बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला. त्या लोकांचे पुनर्वसन उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात झाले आणि तिथल्या घरांना वाळवी लागली. त्यांचे गाऱ्हाणे कित्येक वर्षे चालू राहिले. त्याच बंदराच्या विस्ताराबाबत २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाने १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. मला त्यातल्या रकमेपेक्षा १६३० हा आकडा महत्त्वाचा वाटतो. खापरपणजापासून वडिलांपर्यंत ज्यांची कधी गणतीच झाली नाही, त्यांच्यासारखी कुटुंबे निदान एकदा तरी कुठल्या निकालात मोजली गेली.

आता डहाणूजवळ वाढवण बंदर होते आहे. केंद्राने जून २०२४ मध्ये त्याला मंजुरी दिली, ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली, खर्च सुमारे ७६ हजार कोटी. तिथले मच्छीमार कित्येक वर्षे विरोध करत आले आहेत. देशाला मोठे बंदर हवे की नको, हे मी सांगणारी कोण? पण इतिहासाची बाई म्हणून एवढे नक्की सांगेन. १८४९ मध्ये लंडनच्या भागधारकाला गाडी धावायच्या आधीच पाच टक्क्यांची हमी लिहून मिळाली. ब्राझीलमध्ये सात टक्के. ज्याने पैसा घातला त्याची हमी आधी. ज्याने पाणी, शेत किंवा अंगमेहनत घातली त्याचा हिशेब मात्र नंतर, कोर्टात, तोही जिवंत राहिला तर. पावणेदोनशे वर्षांत आगगाडी वाफेवरून विजेवर आली, बंदरे गाठींवरून कंटेनरवर आली. हा क्रम मात्र बदललेला नाही. तो बदलायला हवा. भराव पडायच्या आधी कुठल्या पाण्यात कोणाचे जाळे लागते, कोण सुकट वाळवते, कोण विकते, याची यादी झाली पाहिजे, आणि त्यात बायकांची नावेही असली पाहिजेत.

सरकार करील तेव्हा करील. आपण आपल्यापुरती सुरुवात करू या. मी वहीत आमच्या नगरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या डोलींच्या जागा, खडकांची नावे, किनारा कुठवर होता ते लिहून घेते आहे. आतापर्यंत अकरा जणांशी बोलून झाले. वरळी, माहीम, खार दांडा, वसई, अलिबाग, जिथे जिथे आपले नातेवाईक आहेत त्यांनी आपापल्या कोळीवाड्याचे असेच लिहून ठेवावे. ब्लॉगवाल्या मित्रमंडळींपैकी कोणाच्या घरी कुलाबा स्टेशनचा, कापसाच्या बाजाराचा किंवा गोदीतल्या नोकरीचा जुना कागद, फोटो, पास असेल तर जरूर कळवा. आणि ज्यांचे आजोबा गोदीत किंवा रेल्वेत होते, त्यांनी निदान त्यांचे काम काय होते एवढे तरी लिहून पाठवा. स्पेलिंग तपासणार नाही, वचन देते!